नळीवरचा अंगठा

अण्णा, तुम्ही बांधलेली शाळा मी मागच्या महिन्यात मोजली. तुमच्यासारखी दोरी ताणली नाही, टेपचं टोक कुणाला धरायला लावलं नाही. तिपाईवर एक यंत्र ठेवलं, बटण दाबलं आणि कडुनिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिले. तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, की मोजणारं माणूस झाडाखाली आणि मोजणी तिकडं, हे कसलं काम. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तेवढ्या काळात माझी अवजारं तीनदा बदलली, आणि दर वेळी नवं काही हातात आलं की मी आधी मनातल्या मनात तुम्हाला समजावून सांगते. तुम्ही होता तेव्हा तर तुम्हाला समजावून सांगायची मला फारच हौस होती. त्या हौसेपायीच हे सगळं घडलं, पण ते पुढे येईलच.

यंत्र तुमच्या जेवणाच्या डब्यापेक्षा थोडं मोठं आहे. त्याच्या पोटात एक आरसा गरागरा फिरतो. त्यावरून लेसरचा किरण निघतो, भिंतीला लागतो आणि परत येतो, आणि किरणाच्या त्या येण्याजाण्यावरून भिंत किती लांब आहे ते यंत्र ठरवतं. असे लाखो ठिपके ते पाच मिनिटांत टिपतं. मग यंत्र उचलून दुसऱ्या जागी ठेवायचं, मग तिसऱ्या, असं करत इमारतीला प्रदक्षिणा घालायची. छत वरून दिसावं म्हणून ड्रोन उडवायचा. नंतर सगळ्या जागांचे ठिपके संगणकावर जुळवले की पडद्यावर अख्खी शाळा उभी राहते, नुसत्या ठिपक्यांची, पण सूतभर इकडची तिकडे नाही. मध्येच एखादं पोर यंत्रासमोरून पळालं तर त्याचा फक्त फराटा उमटतो. असे फराटे आम्ही चित्रातून पुसून टाकतो. शाळेच्या चित्रातले मी पुसले नाहीत, राहू दिले.

लोकांना अजून या कामाचं नवल वाटतं. चकलांब्याकडे एका तलावाच्या बांधाची मोजणी होती, तिथे ड्रोन वर गेला तसं अर्धं गाव बांधावर जमलं. एक म्हातारा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, वरून एवढं दिसतंय, तर आमच्या बोअरला पाणी कुठं हाय ते बी बघा की." त्याला नाही म्हणताना मला उगीच अपराधी वाटलं. वरून पुष्कळ दिसतं, पण जमिनीखाली काय चाललंय ते दिसत नाही. तेच कळायला हवं होतं यंदा, आणि तेही तुमच्याच शाळेपाशी.

झालं असं, की तुमच्या त्या दोन खोल्या धोकादायक ठरायच्या बेतात होत्या. उन्हाळ्यात एक तरुण इंजिनिअर तपासणीला आले. त्यांनी जोत्यावर लेव्हल लावली तेव्हा कडुनिंबाकडचा कोपरा दीड इंच खाली भरला. आतून त्याच कोपऱ्यात गिलाव्याला एक आडवी भेग. आपल्याकडची काळी माती तुम्हाला मी काय सांगावी, पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावरची इमारत आणि एक कोपरा खाली, म्हणजे कोपरा खचतोय, असा कुणीही सरळ अर्थ काढेल. मीही काढला असता. इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. मला म्हणाला, मॅडम, मला पाडायची हौस नाही, पण छत पोरांच्या डोक्यावर आहे. तेही खरंच. खोल्या बंद झाल्या असत्या तर पाचवी ते सातवीची पोरं दिंद्रुडला पाठवायची, नवी इमारत होईल तेव्हा होईल. मुख्याध्यापक बाईंनी मला फोनवर सांगितलं, की पोरं जातील हो, पोरी घरी बसतील, आणि कुणाकुणाच्या बसतील ते मी तुम्हाला आत्ता नावानिशी सांगू शकते. गावातली मोजणीवाली म्हणून त्यांनी मला बोलावलं. शाळा कुणी बांधलीय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बदलून आलेल्या.

मी शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आले. नऊ जागी यंत्र लावलं, दोनदा ड्रोन उडवला. व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसले आणि ठिपके जुळवले. मग त्यावर रंग चढवायचा असतो. जिथे पातळी बरोबर तिथे हिरवा, वर असेल तिथे लाल, खाली असेल तिथे निळा. जोत्याची सगळी पट्टी हिरवी आली आणि कडुनिंबाकडे जाता जाता फिकट होत शेवटी गर्द निळी झाली. दीड इंच. इंजिनिअरचं माप चुकलेलं नव्हतं. अण्णा, तो निळा पाहिला आणि मी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. शाळा पडेल म्हणून नव्हे. तो कोपरा मी ओळखला. त्या कोपऱ्यावरची खूण मी केलेली होती.

तुम्हाला तो उन्हाळा आठवत असेल. मी बीडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आले होते. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी माझी अवस्था होती. आईला चुलीचा धूर कुठून काढावा ते शिकवायचे, आणि तुम्हाला तर उठता-बसता. तुमची ती पातळी बघायची पाण्याची नळी स्वयंपाकघरात दाराच्या मागे खिळ्याला वेटोळं करून टांगलेली असे. आईला तिचा राग यायचा, कारण तिच्यातून थेंब थेंब पाणी खालच्या पिठाच्या डब्यावर पडायचं. मी एकदा जेवताना तुम्हाला ऐकवलं, की जगात हे आता कुणी वापरत नाही, आमच्या कॉलेजात दुर्बिणीची लेव्हल आहे, आकडा वाचला की काम झालं, तुमचं हे म्हणजे अंदाजपंचे. तुम्ही भाकरी चुरत होता. मान वर न करता म्हणालात, "पाणी खोटं बोलत न्हाई, माय. खोटं बोलायचं ते माणूस बोलतं." मला वाटलं, उत्तर सुचलं नाही म्हणून काहीतरी म्हणतायत. दुसऱ्या दिवशी तुमच्या हाताखालची बाई आजारी पडली आणि नळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. तुम्ही मला विचारलं नाही. मीच म्हणाले, चला, मी येते, बघू तरी तुमचं शास्त्र.

ते शास्त्र तसं सोपं होतं, हे आता मीच माझ्या हाताखालच्या पोरांना सांगते. नळीत पाणी भरायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक पहिल्या खुणेला, दुसरं जिथे खूण हवी तिथे. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहणार, मध्ये चाळीस फूट असो की चारशे, मध्ये भिंत असो की म्हैस. चालताना पाणी सांडू नये म्हणून टोकावर अंगठा दाबायचा आणि जागेवर पोचलं की काढायचा. एवढंच. अंगठा काढला नाही तर आतली हवा कोंडते, पाणी वर चढत नाही आणि खूण खाली पडते. तीन कोपरे बरोबर झाले. चौथ्याला, कडुनिंबाकडे जाताना, मी चालता चालता तुम्हाला दुर्बिणीच्या लेव्हलचे फायदे सांगत होते. चांगलं मोठ्यानं सांगत होते, कारण तुम्ही पहिल्या कोपऱ्यावर होता. तुम्ही विचारलंत, "आलं का?" मी म्हणाले, आलं, आणि पेन्सिलीनं रेघ मारली. अंगठा नळीवरच होता. काढायचा विसरले.

पुढे काय झालं ते मला माहीत नव्हतं. चार दिवसांनी मी बीडला परतले. त्या रेघेवर तुम्ही जोत्याचा शेवटचा थर ओढला असणार, दोरी बांधून, डोळे मिटून, कारण खूण लेकीने केलेली होती. शाळा झाली, पुढच्या वर्षी त्यात वर्ग भरले, मी दिवाळीत येऊन पाहिलीही. मला काही वाकडं दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. इतकी वर्षं कडुनिंबाखाली दीड इंच खाली एक कोपरा उभा होता आणि कुणाला दिसला नाही, म्हणून मीही त्याचा विचार सोडून दिला होता.

शनिवारी तो निळा रंग मी दोनदा पुसून पुन्हा चढवला. मग म्हटलं, आता लपवायचं काय, सगळंच बघू. जोतं सोडून नजर वर नेली. तुम्ही बाहेरून गिलावा कधी केलाच नव्हता, उघडी वीट आणि विटांमधल्या सांध्यांच्या नीट भरलेल्या दर्जा, त्यावर चुन्याचा हात. त्यामुळे प्रत्येक थराची रेघ यंत्राला मिळाली होती. जोत्यापासून खिडकीच्या तळापर्यंत थर तसेच, कोपऱ्याकडे दीड इंच उतरलेले. आणि तिथून पुढे, अण्णा, तिथून पुढे रेघा सरळ व्हायला लागतात. आधी वाटलं माझ्याच जुळवणीत घोळ झालाय. पुन्हा जुळवलं. तेच. मग मी पट्टी घेऊन स्वतः भिंतीजवळ गेले, त्या कोपऱ्यातल्या दर्जा हाताने मोजल्या. खिडकीच्या तळापासून दारांवरच्या काँक्रिटच्या पट्टीपर्यंत बारा थर आहेत. बाराही थरांत, त्या कोपऱ्याला, दोन विटांमधली दर्ज नेहमीपेक्षा एक सूत जाड आहे. एक सूत, एका थराला. दीड इंच म्हणजे बारा सूत. काँक्रिटची पट्टी अगदी समपातळीत आहे, वरचं छतही. पडद्यावर वरचा सगळा भाग हिरवागार.

म्हणजे खिडकीपाशी पोचल्यावर तुम्ही पातळी पुन्हा तपासली आणि तुम्हाला कळलं. पाडून पुन्हा बांधायचं तर पावसाळा तोंडावर. एकदम दीड इंचाची दर्ज भरली असती तर ती कच्ची राहिली असती. तुम्ही ते बारा थरांना वाटून दिलंत, डोळ्याला कळणार नाही आणि भिंतीलाही कळणार नाही असं. मी भिंतीला हात लावून उभी होते आणि मला रडू येत होतं. शिपाई पाहत होता म्हणून मी डोळ्यात चुना गेल्याचं सोंग केलं.

आता कुणी म्हणेल, मग झालं की. वरचं सगळं सरळ आहे म्हणजे कोपरा खचत नाही. मीही तसंच समजून सोमवारी इंजिनिअरना बोलावलं. व्हरांड्यात लॅपटॉप ठेवला. मुख्याध्यापक बाई होत्या, सरपंच होते, पालकांतली दहा-पंधरा माणसं होती, आणि खिचडीचं पातेलं चुलीवर ठेवून पदराला हात पुसत मावशी आली होती. तुमच्याबरोबर मालाच्या पाट्या वाहायची तीच. म्हातारी झालीय, शाळेत खिचडी करते, पोरांवर ओरडते आणि पोरं तिच्याच मागे फिरतात. मी चित्र दाखवलं. इंजिनिअरनी नीट ऐकून घेतलं, दोनदा मोठं करून पाहिलं आणि हळूच म्हणाले, मॅडम, पण याचा दुसरा अर्थही निघतो. काम चालू असतानाच कोपरा खचायला लागला असेल, आणि मिस्त्रींनी वर वर सरळ करून ते झाकलं असेल. तसं असेल तर खालची जमीन तेव्हापासूनच कच्ची आहे. यंत्र दर्ज जाड आहे एवढं सांगतं, ती कशामुळे जाड केली ते सांगत नाही.

माणूस बरोबर बोलत होता, म्हणून जास्त लागलं. एका वाक्यात शाळाही गेली होती आणि तुमचं नावही. ज्या माणसाने आयुष्यात वाळू चाळल्याशिवाय माल कालवला नाही, तो झाकझूक करणारा ठरत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीच मध्ये पडली. तिला वाटलं, आपण मिस्त्रीच्या बाजूने साक्ष द्यावी. म्हणाली, "झाकायला मिस्त्री चोर नव्हते, सायेब. म्या व्हते ना तितं. लई जपून करायचे, दर थराला काडी लावून बघायचे. म्या इचारलं, मिस्त्री, कावून एवढा येळ लावताव? तर म्हणले, कोपरा दमला हाय, त्याला हळूहळू उठवायचा."

कोपरा दमला हाय. तुम्हीच असं बोलू शकता. इंजिनिअरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाईटच वाटत होतं, ते दिसत होतं. मिस्त्रीच म्हणाला कोपरा दमलाय, म्हणजे बसत होता, आणखी काय पुरावा हवा? सरपंचांनी मान हलवली. मावशीला कळेना, आपलं काय चुकलं. बिचारी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

अण्णा, मी आजवर मोठमोठ्या साहेबांपुढे अहवाल वाचलेत. पूल, कालवे, रस्ते. त्यांत चूक नेहमी दुसऱ्याची असायची. त्या दिवशी चुलीच्या धुरात उभं राहून दहा-पंधरा ओळखीच्या माणसांपुढे स्वतःची सांगायची होती. मी म्हणाले, कोपरा दमला नव्हता. खूण चुकली होती, आणि ती मिस्त्रीनं नाही चुकवली, मी चुकवली. नळी कशी धरायची, अंगठा कसा काढायचा असतो, मी कसा नाही काढला, दुर्बिणीच्या गप्पा कशा मारत होते, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. इंजिनिअरनी विचारलं, हे तुम्ही लिहून द्याल? मी म्हणाले, सही करून देईन. ते म्हणाले, मग आपण पाया उघडून बघू, तुमचं खरं असेल तर जमीन सांगेल. मावशी एवढा वेळ काहीतरी जुळवत होती. मग तिचा चेहरा फुलला. "आत्ता कळलं बघ. म्या मिस्त्रीला खोदून खोदून इचारलं व्हतं, कोपरा दमला कशानं. म्हणले, नळीत हवा धरली व्हती." मग माझ्या पाठीवर एक धपाटा घालून म्हणाली, "ती हवा तूच व्हतीस व्हय गं." तेव्हा मात्र सगळे हसले, मीही हसले, आणि तिची खिचडी खाली लागल्याचा वास आला म्हणून ती पळाली.

बुधवारी कोपऱ्याशी खड्डा घेतला. काळी माती कमरेइतकी. तिच्याखाली तुम्ही आणखी दोन फूट गेला होता, घट्ट पिवळ्या मुरमापर्यंत, आणि दगड त्यावर बसवला होता. इंजिनिअर खड्ड्यात उतरले, पहार आपटून बघितली, वर आले आणि हात झटकत म्हणाले, आम्हीसुद्धा यापेक्षा खोल सांगितलं नसतं. आतली भेगही नुसत्या गिलाव्याची निघाली, छतावरच्या पन्हाळीचं पाणी तिथे मुरत होतं. वर्ग चालू ठेवायचे, पन्हाळ बदलायची, आणि पावसाळ्यानंतर मी पुन्हा यंत्र लावायचं, दोन्ही वेळची चित्रं एकमेकांवर ठेवून कोपरा जागचा हललाय का पाहायचं, असं ठरलं. हलणार नाही. पण बघीन. तुम्हीही पुन्हा तपासल्याशिवाय सोडलं नसतं.

अहवालात कारणापुढे मी लिहिलं, 'जोत्याची पातळी घेताना मदतनिसाच्या हातून झालेली चूक. मिस्त्रींनी ती पुढील बारा थरांत दुरुस्त केली.' खाली सही माझी. मदतनीस कोण ते कंसात लिहिलं.

हे सगळं झाल्यावर आईकडे गेले. आई आता थकली आहे, पण स्वयंपाकघर अजून तिच्याच ताब्यात आहे. ती तेल ओतत होती आणि तेलाच्या बुधलीचं बूच तिने ओट्यावर ठेवलं. बाभळीच्या लाकडाचं, करंगळीच्या टोकाएवढं, वर खाच पाडून दोरा बांधलेला. इतकी वर्षं मी ते बूच बघतेय. त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं.

तुम्हाला आठवतंय ना, मी शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा तुम्ही होस्टेलवर आला होता. धोतरावर चुन्याचे डाग, हातात कागदात गुंडाळलेलं वेटोळं. माजलगावच्या दुकानातून नवी कोरी नळी आणली होती, काचेसारखी स्वच्छ. मैत्रिणी बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंजिनिअर होणाऱ्या पोरीला बाप गवंड्याची नळी भेट देतो. तिच्या दोन्ही टोकांना तुम्ही स्वतः कोरलेली बुचं होती, दोऱ्यानं बांधलेली, हरवू नयेत म्हणून. मी विचारलं, ही कशाला. तुम्ही म्हणालात, "अंगठ्याचं काम न्हाई मग. बूच काढायचं राहिलं तर दुरूनबी दिसतंय." आणि पाणी पिऊन, मोटारीची वेळ झाली म्हणून निघून गेलात. मी ती नळी पलंगाखाली ढकलली. पुढे होस्टेलच्या नळाला पाणी भरायला कुणाला तरी तुकडा हवा होता, तेव्हा कापून दिली. एक बूच तिथेच गेलं. दुसरं कसं कोण जाणे माझ्या पेटीतून घरी आलं आणि आईच्या बुधलीला बसलं.

म्हणजे नळीत हवा नव्हती हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बारा थर माझ्या अंगठ्यापायी रोज काडी लावून मोजलेत, विचारणाऱ्याला हवेचं नाव सांगितलंत, आणि मला रागाचा एक शब्द न बोलता दोन बुचं कोरून दिलीत. मोठ्यानं रागावला असता तर मी भांडले असते, तुम्हाला मी माहीत होते. मी मोजण्याच्या धंद्यात इतकी वर्षं घालवली, आणि तुम्ही मला केलेली खूण मला दिसायला भिंत स्कॅन करावी लागली.

आईकडून ते बूच मागून घेतलंय. तिच्या बुधलीला प्लास्टिकचं झाकण आणून दिलं, ते तिला आवडलेलं नाही. बूच यंत्राच्या पेटीत ठेवलंय, आणि हा कागदही घडी करून तिथेच राहील. टाकायचा तरी कुठे?

एक राहिलं. व्हरांड्यात मी सगळ्यांना सांगितलं, की अंगठा काढायचा विसरले. अहवालातही चूक असंच आहे. ते खरं आहे, विसरलेच होते. पण अण्णा, मला ते बीडला गेल्यावर किंवा शनिवारी त्या पडद्यापुढे कळलं नाही. त्याच दिवशी दुपारी जेवायला बसण्याआधी हौदावर हात धुताना माझ्या अंगठ्याच्या पेरावर नळीच्या तोंडाचा गोल वळ उठलेला मला दिसला होता. तेवढा वळ उठायला अंगठा किती वेळ दाबून धरावा लागतो तेही मला कळत होतं. दोरीला अजून हात लागला नव्हता, पहिली वीटही बसली नव्हती. तुम्ही माझ्या शेजारीच हात धूत होता. मी अंगठा मुठीत घेतला आणि तुम्हाला पुन्हा दुर्बिणीचंच सांगत बसले.